दोरीचं पुढचं टोक

इमारतीतली मुलं तिला इंजिनकाकू म्हणायची. सुरुवातीला तिलाही ते गोड वाटायचं.

नवरा जहाजावर, वर्षातला बहुतेक काळ समुद्रात. घरात ती, तिचं शिलाई मशीन आणि मुलगी. मुलीला शाळेत सोडायला ती पायी निघायची. एकदा खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "वहिनी, आमच्या पिल्लूच्या ताईलाही घ्याल का बरोबर? रात्रपाळी करून आले की डोळे उघडत नाहीत हो." हिने घेतलं. एकीचं बघून दुसरी आली, दुसरीचं बघून तिसरा. मुलं रस्ताभर पांगायला लागली, तेव्हा हिनेच एका जाड दोरीला कापडी कड्या शिवल्या. एकेका मुलानं एकेक कडी धरायची आणि पुढचं टोक काकूच्या हातात. शाळेतल्या बाईंनी पालकसभेत तिला उभं केलं, टाळ्या वाजल्या. तिथेच ती फसली.

कारण पुढं तिची मुलगी मोठ्या शाळेत गेली, ती शाळा अगदी उलट्या दिशेला. आता हे काम दुसऱ्या कुणी घ्यावं, असं तिनं सगळ्यांना सांगून पाहिलं. ज्यांचा मुलगा रांगेत असायचा ते बँकेतले साहेब हसून म्हणाले, "वहिनी, आम्हाला कुठलं जमतंय तुमच्यासारखं! एवढं सत्र निघू द्या." सत्र निघालं, दुसरं लागलं. पिल्लूची ताई मोठी झाली, तिच्या जागी पिल्लू आलं. 'नाही' हा शब्द हिच्या ओठांपर्यंत यायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. "तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त," असं कुणी म्हटलं, की आपल्याला आत ठेवून बाहेरून कुणीतरी कडी घातली, असं तिला वाटायचं.

मुलगी एकदा दप्तर भरताना सहज म्हणाली, "आई, माझ्या रस्त्यावरही चौक आहे."

"तू मोठी झालीस ना आता."

"हो. झाले," मुलगी म्हणाली आणि निघून गेली.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी रांग नेहमीसारखीच चालली होती. मोठा रस्ता अर्धा ओलांडून ती मधल्या दुभाजकावर मुलांना घेऊन थांबली होती, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी पुरुषाचा आवाज. "तुमची मुलगी चौकात पडलीये. स्कूटरचा धक्का लागला. शुद्धीवर आहे, घाबरू नका, पण हात हलवू देत नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेतोय आम्ही."

दोन्ही बाजूंनी गाड्या धावत होत्या. मागे दोरी ताणलेली, तिला लटकलेली सगळी मुलं.

"काकू," पिल्लूनं पदर ओढला, "माझ्या बुटात खडा गेलाय."

ती खाली बसली. पिल्लूचा बूट काढला, खडा झटकला, बूट पुन्हा चढवला. नाडी दोनदा बांधली, दोनदा सुटली. पिल्लू म्हणालं, "राहू दे, मीच खोचतो."

सिग्नलला साहेबांची गाडी उभी होती. काचा बंद. आत त्यांनी मुलांकडे बघून हात हलवला. "साहेब!" हात उंचावून ती जीव तोडून ओरडली. "साहेब, थांबा!" त्यांना वाटलं, तीही हात हलवतेय. ते हसले, दिवा हिरवा झाला आणि गाडी गेली.

पळावं म्हटलं तर दोरी सोडायची कशी? आणि सोडायची कुणाच्या हातात? शाळा अजून दोन वळणं पुढे होती आणि दवाखाना मागे. ती झपझप चालायला लागली, तशी शेवटची मुलगी अडखळून गुडघ्यावर आपटली आणि रडू लागली. तिला उठवून, फुंकर घालून, काकू पुन्हा मुलांच्या पावलानं चालू लागली. प्रत्येक पाऊल मुलीपासून लांब पडत होतं, आणि हे तिचं तिलाच कळत होतं. शाळेच्या फाटकात रखवालदाराच्या हातात तिनं दोरी जवळजवळ फेकलीच आणि धावत सुटली.

दवाखान्यात मुलीच्या हाताला प्लास्टर घालून झालं होतं. आईला बघून तिनं पहिल्यांदा विचारलं, "मुलं पोचली?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. मुलगी खरंच विचारत होती.

संध्याकाळी सगळे घरी भेटायला आले, फळं घेऊन, बिस्किटं घेऊन. शाळेत राहिलेली दोरीही कुणीतरी आणून जिन्याच्या कठड्याला अडकवली होती. साहेब म्हणाले, "काहीही लागलं तर हक्कानं सांगा."

"उद्यापासून मी येणार नाही."

"अर्थातच! उद्या-परवा अगदी आराम करा. सोमवारी बघू."

"सोमवारी नाही. कधीच नाही."

नर्सबाई मान खाली घालून बसल्या. साहेब हळूच म्हणाले, "रागाच्या भरात काही ठरवू नये, वहिनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघते तो काय, मुलं खाली जमलेली! ज्यानं त्यानं आपापलं पोर आणून सोडलं होतं. बाकीचे कुणीतरी नेतील, या भरवशावर सगळे कामाला पळाले होते.

"आई, जा ना," मुलगी म्हणाली.

"नाही म्हटलं ना."

"अगं, पिल्लू फाटक उघडतंय!"

ती अनवाणीच धावली. फाटक लावलं, मुलांना पायऱ्यांवर बसवलं आणि एकेका घरी फोन लावला. "मुलं माझ्यापाशी सुखरूप आहेत. शाळेत मी नेणार नाही. येऊन घेऊन जा."

साहेब अर्ध्या वाटेतून लालबुंद होऊन परतले. "अहो, दहा मिनिटांचं तर काम!"

"मग द्या की दहा मिनिटं," ती म्हणाली आणि दोरीचं टोक त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी टोक घेतलं. मुलं खुदखुदली, "इंजिनसाहेब!" टाय सावरत साहेब रांग घेऊन निघाले.

मग वार वाटून घेतले गेले. एकही वार नको असताना तिच्या वाट्याला दोन आले. बाकीच्या दिवशी ती मुलीला चौक ओलांडून द्यायला जायची, पण प्लास्टर निघाल्यावर मुलगी म्हणाली, "आता नको गं, मैत्रिणी हसतात." इकडे नर्सबाईंची पाळी बदलली, साहेबांना बाहेरगावची कामं निघाली. यातली एकही सबब खोटी नव्हती. खोटी असती तर भांडता तरी आलं असतं. बघता बघता दोनाचे तीन वार झाले.

एका सकाळी मुलीनं विचारलं, "आज कुणाचा वार?"

"साहेबांचा."

"मग तू कशाला तयार होतेयस?"

केसांना पिन लावून ती खिडकीशी उभी राहिली. खाली मुलं जमू लागली होती. साहेबांची गाडी जागेवर नव्हती.