आत बसणाऱ्याचे काम

लाकडी होडीचे सांधे बुजवणे हे दोघांचे काम असते, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. त्याला दिसतो तो होडीच्या पोटाखाली गोणपाटावर पाठ टेकून निजलेला, एका हातात बोथट छिन्नी आणि दुसऱ्या हातात लाकडी मोगरी धरलेला माणूस. दोन फळ्यांमधल्या चिरेत तो कापसाची पिळलेली वात बसवत जातो, तिच्यावर तागाचा थर ठोकतो आणि शेवटी राळ व तेल घोटून केलेल्या लुकणाने ती चीर लिंपून टाकतो. आमच्या कारखान्यात तो माणूस म्हणजे माझे मामा. दुसरा माणूस होडीच्या आत, फळीला गाल लावून बसलेला असतो. तो मी.

आत बसणाऱ्याने फक्त ऐकायचे. कापूस सैल राहिला असेल तर ठोका फळीतून विखरत येतो, रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा. कापूस नेटका बसला की तोच आवाज एकाएकी गोळा होतो आणि गालाच्या हाडाशी येऊन थांबतो. बाहेरच्याला हा फरक अर्धामुर्धाच कळतो, कारण त्याच्या कानाशी मोगरी असते. म्हणून मामांच्या गुरूंनी एक रीत घालून दिली होती. सांधा पोकळ लागला तरच आतल्याने 'पुन्हा' म्हणायचे. नीट बसला असेल तर गप्प राहायचे.

"ठोक्याठोक्याला वाहवा कशाला हवी?" मामा म्हणत. "तू गप्प, म्हणजे सांधा पक्का. मी पुढे सरकलो."

ही रीत मला मनापासून आवडे. चारचौघांत तोंड उघडणे मला जमत नाही. साधा चहा नको म्हणायचा तरी मी आधी मनात वाक्य जुळवतो, आणि ते जुळेपर्यंत कप हातात आलेला असतो. होडीच्या त्या तेलकट अंधारात मात्र माझ्या गप्प बसण्याला काही अर्थ होता. तेविसाव्या वर्षी मला जगात एवढी एकच जागा सापडली होती, जिथे न बोलणे हेच माझे बोलणे होते.

कारखान्यातला रंगारी आम्हा दोघांची मनसोक्त थट्टा करी. मला तो मौनीबाबा म्हणे. "एकाला बोलायला नको आणि दुसऱ्याला ऐकायला नको. मामाभाच्याची जोडी देवानेच जमवली आहे!" सगळे हसत, मामाही हसत, पण अलीकडे मामा इतरांच्या थोडे मागाहून हसू लागले होते. घरी मामी ताट वाढून म्हणायची, "ह्यांना जेवायला बोलवायचं म्हणजे आधी पत्र टाकावं लागतं." त्या वर्षी मलाही एका 'पुन्हा'च्या जागी दोन-तीनदा 'पुन्हा' म्हणावे लागे. मी त्याचा दोष पलीकडच्या करवतीच्या यंत्राला देत असे. यंत्र बंद असले तरी देत असे.

त्याच हंगामात मालकांनी मामांना बोलावून घेतले. मालक वाईट नव्हते. त्यांनी मामांना खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "मामा, बाकी सगळ्या होड्यांना आता बाहेरून फायबरचा थर द्यायचं ठरवतोय. सांधे बुजवायचा प्रश्नच उरत नाही. पण एक होडी तुमच्या हातची करू. कप्तानबाईंची. पाण्यात घातल्यावर कोरडी राहिली, तर तुम्ही आहात तोवर तुमचं काम आहे. नाही राहिली, तर मला काही बोलता येणार नाही."

कप्तानबाई म्हणजे अलीकडच्या काठावरून पलीकडे माणसे नेणारी बाई. तिच्या होडीत नऊ माणसे बसत आणि दहाव्याला ती वल्ह्याने ढकलून देई, म्हणून तिला हे नाव पडले होते. तिने कमरेवर हात ठेवून मामांना बजावले, "माझी होडी म्हणजे काय प्रयोगशाळा वाटली का तुम्हाला? बुडाले ना, तर तुम्हाला घेऊन बुडेन."

"तुम्ही कशा बुडाल? पाणीच घाबरून बाजूला होईल," मामा म्हणाले, आणि बाई पदरात तोंड लपवून हसली.

त्या होडीवर आम्ही अकरा दिवस काम केले. मामांना इतके सावकाश आणि इतके सुंदर काम करताना मी पूर्वी पाहिले नव्हते. ते जुना कापूस बोटभर लांबीनेच काढत, चीर ब्रशने झाडत, तिच्यात फुंकर घालत. वात पिळताना ती ओठांवरून फिरवून तिची जाडी पारखत. घरी मात्र ते काही बोलत नसत. एकदाच, हात धुताना, ते मामीला म्हणाले, "माझ्याकडून हे काढून घेतलं ना, तर दिवसभर मी कुठे बसायचं ते तू ठरवून ठेव." तिने त्यांना टॉवेल दिला.

अकराव्या दिवशी दुपारी तळाजवळचा शेवटचा सांधा उरला होता. मालक आले होते, कप्तानबाई आली होती, रंगारीही ब्रश पुसत उभा होता. करवतीचे यंत्र बंद होते. मी नेहमीसारखा आत होतो. मामांचे ठोके मागच्या टोकाकडून एका लयीत जवळ येत होते, आणि प्रत्येक ठोका गालाशी येऊन नीट थांबत होता. मग एक ठोका विखरला. पुढचाही विखरला. मागून चार हातांवर, डाव्या बाजूच्या खालून दुसऱ्या सांध्यात, वीतभर जागा पोकळ होती.

"पुन्हा," मी म्हणालो.

ठोके पुढे सरकले.

"मामा, पुन्हा," मी जरा मोठ्याने म्हणालो. माझा आवाज त्या लाकडी पोकळीत घुमला. मलाच तो परका वाटला. ठोके त्याच लयीत आणखी पुढे गेले, आणि तेव्हा मला समजले. बाहेर कसलाही आवाज नव्हता. एवढ्या शांततेत माझा शब्द सगळ्यांनी ऐकला होता. ज्याच्यासाठी तो होता, तेवढ्या एकाच माणसाला तो ऐकू गेला नव्हता.

रंगाऱ्याने होडीच्या काठावरून आत डोकावले. "काय रे मौनीबाबा, काही म्हणालास?"

त्याच्या मागे मालकांचा चेहरा होता. मला तेव्हा काय करता आले असते, याचा हिशेब मी नंतर इतक्या वेळा मांडला आहे, की मूळ क्षण त्याच्याखाली पुसट झाला आहे. मी बाहेर उडी मारून मामांच्या खांद्याला हात लावू शकलो असतो. पण मग मालकांना कळले असते, की आतला 'पुन्हा' ज्याला ऐकू यायला हवा, तो माणूस बहिरा होत चालला आहे. मला वाटले, मी मामांना झाकतो आहे. खरे सांगायचे तर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे होत्या, आणि झाकणे हे त्यातल्या त्यात सोपे होते.

"काही नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी सगळे गेले की ती वीतभर जागा आपणच ठोकू, असे मी मनाशी ठरवले. पण मामांनी लगेच लुकण लिंपले आणि रंगाऱ्याने त्याच्यावर पहिला हात मारला. मग मी स्वतःला समजावले, की लाकूड पाण्यात फुगते, फळ्या जवळ येतील, चीर आपोआप मिटेल. हे बोलणे किती पोकळ आहे, ते मला माहीत होते. फळी फुगून कापसाला दाबते. कापूसच बसलेला नसेल तर ती दाबणार कशाला?

तीन दिवसांनी होडी पाण्यात उतरवली. मालक, मामा, कप्तानबाई आणि मी, असे चौघे तिच्यात बसलो. पहिली दहा मिनिटे तळ कोरडा होता आणि मामांचा चेहरा असा उजळला होता, की मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. मग डाव्या बाजूला एक काळी रेघ ओली झाली. ती रुंदावली. अर्ध्या तासात पाणी घोट्यापर्यंत आले. कप्तानबाईने डबा घेतला आणि न कुरकुरता पाणी उपसू लागली. "थोडं पाणी हवंच होडीत," ती म्हणाली, "नाहीतर पाय कुठे धुवायचे?" तिच्या त्या विनोदातली माया सर्वांना कळली आणि कोणी हसले नाही. मालकांनी फक्त चपला काढून हातात घेतल्या.

मामा गुडघ्यांवर बसले. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवले, नेमक्या जागी ते थांबले, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"आतून पोकळ लागलं होतं का रे?"

माझ्या ओठांकडे पाहत ते उत्तराची वाट पाहत होते. मी मान हलवली. नाही.

"मग हातच गेला माझा," मामा म्हणाले. ते कोणालाच उद्देशून बोलले नव्हते. आपले दोन्ही तळहात त्यांनी पालथे केले, उताणे केले, आणि दुसऱ्याच्या वस्तू चुकून उचलल्या असाव्यात तसे ते मांडीवर ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छिन्न्या आणि मोगरी मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मालकांनी ती परत घ्या म्हणून आग्रह केला. मामा नको म्हणाले. मी फायबरच्या कामावर राहिलो. तिथे आत बसून ऐकण्यासारखे काही नसते.

त्यानंतर मामांनी हाताने कोणतेच काम केले नाही. मला वाटले होते, थोडे दिवस खट्टू राहतील आणि मग काही ना काही करू लागतील. पण बरणीचे घट्ट झाकणही ते मामीकडे देत. शर्टाचे बटण तुटले तर तुटलेल्या बटणासह शर्ट माझ्या खाटेवर ठेवत. "माझा हात राहिला नाही," असे ते अगदी सहज, हवापाण्याविषयी बोलावे तसे म्हणत. मी दर महिन्याला सांगायचे ठरवी. वाक्य जुळवी. ते जुळेपर्यंत महिना संपे.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीने, माझ्या मामेबहिणीने, त्यांना कानाचे यंत्र आणून दिले. मामी म्हणाली, "झालं! आता मी पुटपुटलेलंही ऐकू येणार. एवढ्या वर्षांची मोकळीक गेली माझी." मामा त्या यंत्राने लहान मुलासारखे हरखले. नळाचे ठिबकणे, पंख्याची कुरकुर, माझे हळू बोलणे, सगळे त्यांना ऐकू येऊ लागले. माझी शेवटची सबब त्या दिवशी संपली.

रविवारी सकाळी त्यांनी मला बैठकीच्या खोलीत बोलावले. मामेबहिणीने आरसा पाठवला होता. तो टांगायला भिंतीत खिळा हवा होता. मामांनी जागा दाखवली आणि हातोडी माझ्यापुढे धरली. "तू ठोक. माझा हात राहिला नाही."

मी हातोडी घेतली. खिळा भिंतीला टेकवला. आणि भिंतीकडे तोंड करूनच म्हणालो, "मामा, त्या दिवशी सांधा पोकळ लागला होता. मी दोनदा 'पुन्हा' म्हणालो. तुम्हाला ऐकू आलं नाही. नंतर तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो."

खोलीत पंखा कुरकुरत होता. मामा म्हणाले, "मग बाहेर यायचं होतंस."

"मालक उभे होते. त्यांना तुमच्या कानांचं कळलं असतं."

"कळू द्यायचं होतंस! फळीवर आतून दोनदा मूठ आपटली असतीस तरी छिन्नीतून माझ्या हाताला कळलं असतं. कान गेले होते, तर तुझे होते ना." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला बरे वाटले असते. "मी समजलो हात गेला. म्हणून हात खाली ठेवला. तीन वर्षं, अरे."

मी खिळा भिंतीवरून खाली घेतला.

"किती ठोके कमी पडले होते?"

"तीन," मी म्हणालो. "फार तर चार."

त्यांनी मान डोलावली. कानातले यंत्र काढले, पुसले आणि डबीत ठेवले. मग माझ्या हातातून हातोडी आणि खिळा घेतला आणि मला बाजूला सारून ते भिंतीसमोर उभे राहिले. खिळा त्यांनी दोन बोटांत धरला. तीन वर्षांत त्यांनी एकही खिळा ठोकला नव्हता. पहिला ठोका निसटता बसला. दुसऱ्याला खिळा वाकला.

"दुसरा दे," मामा म्हणाले.

मी दुसरा दिला. तोही वाकला.