ओल्या हातांचा झटका

"नुसता झटका बसलाय हो, मेलो नाही मी!" न्हावीदादांचा आवाज अपघात विभागाच्या दारातूनच घुमला. मागून थोरली बहीण त्यांना अक्षरशः ढकलत आणत होती. ओल्या हातांनी पाण्याचा हीटर चाचपला होता पठ्ठ्याने, दुसरा हात नळावर! बोटावर मसुराएवढा काळा डाग, बाकी गडी ठणठणीत.

डॉक्टरीणबाई नव्याच होत्या. विभाग एकटीने सांभाळायचा त्यांचा हा पहिलाच आठवडा.

"शुद्ध गेली होती का?" त्यांनी विचारलं.

"छे!"

"गेली होती," ताई म्हणाली. "धाडकन आडवा झाला. आणि हा आता फुशारक्या मारतोय."

डॉक्टरीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघालेली वीज छातीतून जाते, आणि वाटेत हृदय असतं. त्यांनी लगेच ईसीजी काढला. कागदावर ठोके शहाण्या मुलांसारखे ओळीने चालले होते. पण मध्येच एखादा रुंद, वेडावाकडा ठोका रांग मोडून घुसत होता.

"दादा, घरी जायचं नाही. हृदयाची लय बिघडू पाहतेय. मॉनिटर लावून इथेच झोपा."

"दुकानात अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक बसलंय माझं!"

"बसू दे," ताईने दटावलं. "गप पड."

दादा पडले, पण तोंड थांबेना. सिस्टरला ते त्या गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवू लागले. सिस्टर खुदकन हसल्या. डॉक्टरीणबाईंची नजर मात्र पडद्यावरून हलत नव्हती. वेडे ठोके आता जोडीने येत होते. मग तीन. मग...

नक्कल अर्ध्यावरच तुटली. मान कलली. पडद्यावर नुसती थरथर!

"दादा! ओ दादा!" ओ नाही, श्वास नाही, नाडी नाही. "सिस्टर, शॉकचं मशीन!"

सिस्टर मशीन जोडेपर्यंत डॉक्टरीणबाई छाती दाबत राहिल्या. हात चुकत नव्हते.

"बाजूला व्हा सगळे!"

दादांचं अंग उसळलं. डॉक्टरीणबाई पुन्हा छाती दाबू लागल्या. दाबता दाबता हाताखाली हालचाल झाली. दादा कण्हले! डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं. एक ठोका. दुसरा. ओळीने! मानेवर बोटं टेकवली, तर नाडी टणाटण उडत होती.

"आली!" त्या ओरडल्याच. सिस्टरनी त्यांना मिठी मारली.

दादांनी डोळे किलकिले केले. "छातीवर कोण नाचलं?"

"मी!" डॉक्टरीणबाई हसत होत्या, डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

ताईने भावाला धपाटा घालायला हात उगारला आणि तोच हात त्याच्या केसांतून फिरवत राहिली.

पुढे मोठ्या डॉक्टरांनी दादांना दोन दिवस नजरेखाली ठेवलं. वेडे ठोके विरळ होत होत थांबले. दादा आपल्या पायांनी घरी गेले. तोवर ताईने हीटर कधीच भंगारात घातला होता.