लाल खुणेखालचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. किराण्याची नव्हे, तसल्या यादीचं आयुष्य दुकानाच्या पायरीवरच संपतं. माझ्या अंगावर एकशे बारा चित्रकथांची नावं आहेत आणि माझं वय पाच वर्षं आहे. कागदासाठी हे म्हातारपणच म्हणायचं.

माझा जन्म लष्करी छावणीला लागून असलेल्या भिंगारमधल्या एका दोन खोल्यांच्या घरात झाला. घरधनी अब्राहाम जवळच्याच नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला होते आणि त्यांना चित्रकथांचं भारी वेड. लष्करातल्या माणसांच्या बदल्या झाल्या की त्यांच्या घरची रद्दी बाजारात येते, आणि तिच्यात मुलांनी मागं सोडलेली कॉमिक्स असतात. ती निवडून निवडून त्यांनी एक पेटी भरली होती. मुलगी आराधना दहा वर्षांची झाली, त्या दिवशी त्यांनी वर्कशॉपमधली कामाच्या नोंदीची चार जुनी जॉबकार्डं घेतली, त्यांच्या कोऱ्या पाठीवर नावं लिहिली आणि सुईदोऱ्यानं शिवून मला तयार केलं.

नियम एकच होता. नुसतं वाचून खूण मिळायची नाही. जेवताना, पुस्तक न बघता, गोष्ट शेवटापर्यंत सांगायची. मग अब्राहाम खिशातली, लोखंडावर खुणा करायची लाल जाड पेन्सिल काढायचे आणि त्या नावापुढं बरोबरची खूण करायचे. काय रुबाब होता माझा तेव्हा! आराधना घास तसाच हातात धरून गोष्ट सांगायची आणि तिची आई हन्ना "जेव आधी, जेव" म्हणून ओरडायची. सत्तर पुस्तकं अशी झाली.

मग आराधना आठवीत गेली. क्लास आले, मोबाईल आला, आणि मी तिला नकोशी झाले. पण पप्पांना नाही म्हणवेना. तिनं सोपी वाट काढली. पुस्तकाची पहिली काही पानं चाळायची आणि शेवट मनानं रचायचा. एकाहत्तरावं पुस्तक होतं 'तुटक्या पुलाचा राखणदार'. शेवटी एक होडी आली आणि राखणदाराला घेऊन गेली, असं तिनं ठोकून दिलं. अब्राहामनी खूण केली. मात्र खुणेखाली एक बारीक ठिपका टेकवला.

ती उठून गेल्यावर हन्ना म्हणाली, "थाप मारतीय ती. तुमाला कळत न्हाई व्हय?"

"कळतं की. पन थाप बी लई भारी रचतीय. रचू दे. खरा शेवट बघू वाटंल तिला एक दिवस."

असे अकरा ठिपके माझ्या अंगावर पडले. मित्रांनो, ते मला खुणांपेक्षा जड वाटायचे. मी कागद, मी काय बोलणार?

गेल्या वर्षी एका सकाळी मशीनवर उभे असतानाच अब्राहाम कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. कामावर जातानाही ते मला खिशात ठेवायचे; हॉस्पिटलच्या धावपळीत मी त्यांच्या शर्टाच्या खिशातच राहिले आणि शर्टासकट साबणाच्या बादलीत गेले. हन्नानं मला ओळखलं, बाहेर काढलं आणि वाळवून बायबलखाली ठेवलं. पेनानं लिहिलेली नावं फुटली होती, नजर ताणली तर वाचता यायची. लाल खुणा तेवढ्या जशाच्या तशा होत्या. पुढचे तीन महिने माझी कुणाला आठवणही झाली नाही, आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही.

पुढं बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्या म्हणाल्या, "यांना सगळं समजतंय. शब्द तेवढे सापडत नाहीत. रोज चित्रं दाखवा, गोष्टी सांगा."

आराधनानं मला बाहेर काढलं आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. शाळेतून आली की ती पप्पांच्या उशाशी बसायची, एकेक चित्र दाखवत सांगायची. ते बघायचे, ऐकायचे. ओठ हलायचे, पण शब्द येत नव्हता. वीस पुस्तकं झाली, चाळीस झाली, साठ झाली. कधीकधी ती मोरीत जाऊन नळ सोडायची आणि रडायची. पप्पा आता कधीच बोलणार नाहीत, ही भीती तिनं फक्त आईला सांगितली होती.

परवा एकाहत्तरावं पुस्तक आलं. शेवटची तीन पानं राहिली होती. सवयीनं आराधना म्हणाली, "मग एक होडी आली, आणि..." आणि ती पुस्तक मिटू लागली.

अब्राहामनी डावा हात पानांमध्ये घातला. चेहरा लालबुंद झाला. घशातून काहीतरी खरवडत वर आलं.

"न्ह... न्हाई."

स्वयंपाकघरात हन्नाच्या हातातलं उलथनं पडलं. आराधनानं पुस्तक परत मांडीवर घेतलं. मग तिनं ती तीन पानं आयुष्यात पहिल्यांदा उघडली. होडी आलीच नव्हती. पुलावरून कुणी पाण्यात पडू नये म्हणून राखणदार रोज संध्याकाळी कंदील लावत तिथंच राहिला होता. तिनं ते मोठ्यानं वाचलं, थांबत थांबत.

"व्हय," अब्राहाम म्हणाले.

खूण बघायला तिनं मला हातात घेतलं, तेव्हा तिला तो ठिपका दिसला. मग पुढचे दहा दिसले. तिनं ते बोटानं एकेक मोजले.

"पप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

ते हसले. अर्धाच चेहरा हसला, पण हसले. आराधनानं लाल पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी जुन्या खुणेशेजारी दुसरी खूण केली. ती वाकडी आहे, माझ्या कागदाला तिथं भोकही पडलंय, पण माझ्या अंगावर तिच्याएवढं मोलाचं काही नाही.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी यादी केली असेल, तर ती उरकून टाकू नका. ती करणारा माणूस गोष्टीच्या शेवटापाशी तुमची वाट बघत बसलेला असतो.

उद्या बहात्तरावं पुस्तक आहे. त्याचाही शेवट आराधनाला ठाऊक नाही.