लुचेराच्या अलीकडे पंचेचाळीस मिनिटं

"काका, का थांबलात?" मागून एका मुलाने विचारलं.

पावणेएक वाजता आमच्या चालकाने, ओत्तावियोने, सान सेव्हेरोच्या पुढच्या पेट्रोल पंपावर बस लावली आणि इंजिन बंद केलं. लुचेरा अजून पंचवीस मिनिटांवर होतं, आणि तिथल्या स्पर्धेची नोंदणी पावणेदोनला बंद होणार होती. मागे माझ्या संगीत शाळेची सव्वीस मुलं बसली होती. पेरुजा, आस्कोली अशा गावांत वाजवत वाजवत आम्ही आलो होतो ते याच एका स्पर्धेसाठी. सहा महिन्यांची मेहनत होती, आणि शेवटच्या वर्गाला पुढच्या वर्षी संधी नव्हती.

"साडेचार तास चालवून झाले," ओत्तावियो म्हणाला. "आता पंचेचाळीस मिनिटं विश्रांती. नियम आहे."

वास्तोजवळच्या अपघाताने आमचा दीड तास खाल्ला होता. ओत्तावियोसमोरच्या यंत्रात त्याचं कार्ड होतं, आणि चाक फिरलेलं मिनिट न् मिनिट ते यंत्र टिपून ठेवतं.

"पंचवीस मिनिटांत काय जीव जातोय का तुमचा?" ट्रम्पेटवाला दुइलियो ओरडला.

"माझ्या एकट्याचा असता तर चालवली असती रे."

डबल बास वाजवणारी निवेस शेवटच्या वर्गातली. ती नुसती घड्याळाकडे बघत राहिली. तिच्याकडे बघून माझा तोल गेला.

"दंड मी भरते. पण चालवा!"

"दंडाचं नाही हो मॅडम. चौतीस वर्षं चालवतोय, डोळे जड झालेले कळतात मला."

"मग सकाळी थांबलो ते धरा की! ती विश्रांती नव्हती का?"

ओत्तावियोने मुलांकडे पाहिलं, मला खुणेने खाली बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सकाळचं धरत नाहीत. निदान पंधरा मिनिटं लागतात. आपण बाराच थांबलो."

सकाळी तो कॉफीचा कप हातात घेऊन उभा होता. "तीन मिनिटं द्या, मॅडम," म्हणाला होता. "तीन मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे?" असं मीच म्हटलं होतं, आणि तो हसून अर्धा कप ठेवून निघाला होता. ती तीन मिनिटं दिली असती, तर आता अर्धाच तास थांबावं लागलं असतं आणि आम्ही एक चाळीसला पोचलो असतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या माझ्याच.

"मी मुलांना सांगते," मी म्हटलं.

"कशाला? माझ्यावर चिडतील दोन दिवस, मग विसरतील. तुमच्या हाताखाली त्यांना शिकायचंय."

मला सुटल्यासारखं वाटलं. लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं.

तो पंपाच्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. "निवांत झोपा काका, आमचं काय!" दुइलियोने खिडकीतून हाणलं. कुणीतरी शिवी दिली. ती त्याला ऐकू गेली, कारण त्याची भुवई हलली. मी तोंडात गुळणी धरून बसले.

लुचेराला पोचलो तेव्हा दोनला पाच मिनिटं होती. टेबलावरची बाई फार सभ्यपणे म्हणाली, "यादी परीक्षकांकडे गेली, मॅडम. आता नोंदणी बंद." निवेस वाद्य खोळीतून बाहेर काढायलाच तयार होईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेर्नीला, आमच्या शाळेच्या फाटकाशी परतलो. सहल संपली की मुलं बसमध्येच चालकाच्या नावाने टाळ्यांचा कडकडाट करतात. आमच्याकडे तसं ठरलेलंच आहे. त्या दिवशी एकेक जण खाली मान घालून उतरला. ओत्तावियो बसच्या पोटातून वाद्यं काढून दोन्ही हातांनी देत होता. "सांभाळून," प्रत्येकाला म्हणत होता. निवेसने बास घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

मी सगळ्यांत शेवटी उतरले. तो दाराशी उभा होता. मुलं अजून फाटकापाशीच होती, हाक मारली असती तर वळली असती.

मी "धन्यवाद" म्हटलं आणि माझी बॅग उचलली.