चुलीचा तिसरा दगड

नळाखाली धरलेल्या दगडाच्या खोबणीत तिनं दात घासायचा जुना ब्रश फिरवला आणि ब्रशचे केस काळे झाले.

तिनं ब्रश धुतला, पुन्हा फिरवला. पुन्हा काळं. बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळून पाहिलं. मऊ, तेलकट. माती अशी लागत नाही. तिनं बोट नाकाशी नेलं, मग उगाच मागे वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. रोज सकाळी साडेआठ ते साडेनऊ ती बोलत नसे. आईनं लावून दिलेला नेम तिनं प्रयोगशाळेतही सोडला नव्हता, आणि इथं आता त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. सर तर म्हणायचे, “बाईंचं मौन असलं की दगड जास्त बोलतात.” आज ती पंधरा मिनिटं तिला सरता सरेनात. तिनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

सुदूर उत्तरेच्या एका भागातून आणलेले बारा दगड होते. हजारो वर्षांपूर्वी त्या भागावर बर्फाची चादर पसरली होती. ती थेट समुद्रापर्यंत पोचली होती की अलीकडच्या डोंगराच्या कण्याशी थांबली होती, एवढ्या एका प्रश्नात सरांची वीस वर्षं गेली होती. बर्फ उतरून दगड उघड्यावर आला की आकाशातून येणारे किरण त्याच्या स्फटिकांत खुणा ठेवत जातात. त्या मोजल्या की दगड किती वर्षं उघडा आहे ते कळतं. कण्याच्या अलीकडचे अकरा दगड सांगत होते, तेरा-चौदा हजार. पलीकडे, टोकावरच्या सपाटीवर सापडलेला सातवा मात्र सांगत होता, अडतीस हजार. म्हणजे तिथवर बर्फ आलंच नव्हतं. भिंतीवरच्या नकाशात कण्यावरून जाणारी सरांची निळी रेघ वर्षानुवर्षं तुटक होती. सातव्याचा आकडा आला त्या दिवशी सरांनी ती स्वतःच्या हातानं सलग केली होती.

एका आकड्यावर भागत नाही, म्हणून सातव्याचा जपून ठेवलेला हा उरलेला अर्धा दगड आज धुऊन कुटायचा आणि आम्लात विरघळवायचा होता. मग सातव्या दगडाचं या जगात फक्त वय उरलं असतं.

तिनं तो कुटला नाही. फडक्यात गुंडाळून खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. आजवर त्या खणाला कुलूप लावायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

संध्याकाळी नवरा पाय लांब करून खिडकीशी बसला होता. सरांच्या पहिल्या दौऱ्यात तंबू, सामान, स्वयंपाक सगळं त्याच्याकडे होतं. सर त्याला तंबूशेठ म्हणत. त्याच दौऱ्यात गुडघा गेला आणि पुढच्या वर्षी, सरांनी ते बारा दगड वेचून आणले तेव्हा, तंबूशेठ घरी होता.

“अहो, त्या टोकावर चूल कुठं मांडली होती?”

“तंबूच्या दाराशी. का गं, बारा वर्षांनी तिथल्या चहाची तलफ आली?”

“दगड कुठले लावले होते?”

“दोन जागचेच. तिसरा काही बेताचा मिळेना. पातेलं आपलं लंगडतंय. मग...” त्यानं गुडघ्यावर थाप मारली. “पुढचं तर तुला पाठ आहे.”

पाठ होतं. अख्ख्या इमारतीला होतं. दगड पोटाशी धरून चढण चढताना पाय घसरला, गुडघ्यात कट्कन आवाज झाला, पण दगड काही सोडला नाही. आल्यागेल्याला तो हे सांगायचा, आणि सुरुवात झाली की ती काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची.

“सरांना नव्हता सापडला तसा दगड?” तिनं विचारलं.

“सरांना आयता चहा सापडायचा,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

ती हसली नाही. रात्रभर ती कूस बदलत राहिली. दगड त्यानं चढण चढत आणला होता. म्हणजे तो खालचा होता. आणि त्या सपाटीच्या खाली पाण्याशिवाय काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला तिनं सरांच्या टेबलावर फडकं उलगडलं.

“ही काजळी आहे, सर. हा आमच्या ह्यांच्या चुलीचा दगड आहे. पहिल्या खेपेला मांडलेली चूल दुसऱ्या खेपेपर्यंत विस्कटली असणार.”

सरांनी चष्मा काढला. खोबणीत नखानं खरवडून पाहिलं. मग बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसत राहिले.

“वय तर खोटं नाही ना, बाई?”

“वय खरं आहे. जागा त्याची नाही.”

“मग जागा शोधू. कुठून उचलला होता त्यांनी?”

तिच्या ओठांवर आलं होतं. नवऱ्यानं उचललेला दगड, सांगायचा तर त्यानंच सांगावा, असं तिनं मनाशी म्हटलं. ते पुरतं खरं नाही हेही तिला कळत होतं.

“ते त्यांनाच विचारा.”

नवरा दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून आला. दोन मजले चढून दम लागला होता, पण चेहरा लग्नाच्या वऱ्हाडातल्या माणसासारखा खुलला होता.

“या तंबूशेठ,” सर म्हणाले. “अहो, तुमची चूल आम्हाला महागात पडतेय.”

“चहा फुकट प्यायलात तेव्हा बोलला नाहीत, सर.”

दोघं हसले. सरांनी नकाशा टेबलावर पसरला. त्यांचं बोट सपाटीवर टेकलं, आणि त्यांच्याही नकळत वर सरकत कण्यावर, निळ्या रेघेवर येऊन थांबलं.

“हा दगड तुम्ही कुठून आणला? इथून, वरून का?”

नवऱ्यानं बोटाकडे पाहिलं, सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण होतं, सातव्या दगडाच्या फोटोचं. तसंच एक त्याच्या पाकिटात होतं.

“हो, हो. तिथूनच. वरूनच.”

“नक्की?”

“आता सर, आमचा गुडघा गेला. डोकं जागेवर आहे.”

सरांनी सुस्कारा टाकला. दगड कण्यावरचा असेल तर कणा तरी उघडा होता, म्हणजे रेघ जागेवर राहत होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तिनं रिकाम्या चंचुपात्रांची रांग लावली, मोडली, पुन्हा लावली. काच काचेवर वाजली तसं दोघांनी वळून पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “गुडघा कसा गेला ते सरांना कधी सांगितलंत का?”

“सरांना माहीत आहे की.”

“पडलात एवढंच माहीत आहे,” सर म्हणाले. “मी तेव्हा पलीकडे होतो.”

एवढं पुरलं. नवरा खुर्चीत पुढे सरकला, दोन्ही हात पोटाशी नेऊन त्यानं न दिसणारा दगड धरला.

“त्याचं असं झालं सर, पातेलं लंगडत होतं. मनात म्हटलं, आज चहा झाला नाही तर सर काही आपल्याला सोडत नाहीत. एक झकास दगड बघितला, उचलला, असा पोटाशी धरला, आणि ती चढण...”

हात तसेच राहिले. सरांचं पेनही कागदाच्या वर थांबलं.

खाली कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. नवऱ्यानं सावकाश हात सोडले. तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही, एवढंच तिला जमलं. मग त्यानं आपलं बोट नकाशावर ठेवलं आणि कण्यावरून, सपाटीवरून, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत खाली आणलं.

“इथून,” तो म्हणाला. “ओला होता.”

पाण्याकाठचा दगड. तरंगत्या बर्फानं तो कुठल्याही किनाऱ्यावरून आणून टाकलेला असू शकतो. अशा दगडाची साक्ष कुणी घेत नाही, हे तंबूशेठलाही ठाऊक होतं. दौऱ्यात सरांनीच ते शिकवलं होतं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. “ओला होता म्हणजे चूल पेटायला वेळ लागला असेल,” ते म्हणाले.

“लागला, सर. धूर फार झाला.”

ते दोघं निघाले तेव्हा सर भिंतीवरच्या नकाशापुढे उभे होते, हातात खोडरबर घेऊन. शाई त्यानं जाणार नव्हती.

दोघं घरापाशी आले. जिन्यात तिनं हात पुढे केला, तो नवऱ्यानं घेतला नाही. कठडा धरून चढला. दारात पोचल्यावर म्हणाला, “मुद्दाम विचारलंस.”

“हो.”

“घरी विचारायचंस. काल इथं बसलो होतो की मी.”

तिनं चहा ठेवला, साखर घातली की नाही ते आठवेना, चाखून पाहिलं. दोनदा घातली होती.

सातच्या सुमारास शेजारचे भाऊजी डोकावले.

“काय, आज सरांकडून बोलावणं होतं म्हणे? एवढा थाट कशाला केला होता?”

नवऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं. आता तो विषय टाळेल, असं तिला वाटलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत ती गेलीही.

“बसा,” तो म्हणाला. “त्याचं असं झालं, पातेलं लंगडत होतं...”

ती उंबऱ्यावरून परतली आणि भाऊजींच्या शेजारी बसली. भाऊजींनी चमकून पाहिलं. नवरा दगड पोटाशी धरून चढणीपर्यंत आला, पाय घसरला, गुडघ्यात कट्कन झालं, दगड सुटला नाही. इथं गोष्ट नेहमी संपायची.

“हे तर माहीत आहे,” भाऊजी म्हणाले. “आजचं सांगा.”

नवऱ्यानं गुडघा दोन्ही हातांनी धरून पाय सरळ केला.

“पुढचं ही सांगेल.”

दोघंही तिच्याकडे पाहत राहिले. तिनं घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं. गप्प राहण्याचा कुठलाच नेम या वेळी नव्हता.