पाच चांदण्यांचा शेवट

महिना संपला की माझी भाची वाचनालयाच्या फलकावर एक कागद लावते. वर ठळक अक्षरात ‘या महिन्यात मी काय वाचलं’ आणि खाली यादी. कधी अकरा पुस्तकं, कधी चौदा. प्रत्येकापुढे चांदण्या काढलेल्या. एक चांदणी म्हणजे ठीक, पाच म्हणजे जीव ओवाळून टाकावा असं. आता विचारा, पाच चांदण्या कितीजणांना? चौदातल्या नऊजणांना! अगं बये, वर्गातल्या सगळ्याच पोरी पहिल्या आल्या तर परीक्षा घेतलीच कशाला?

आणि वाचते काय, तर किशोर कादंबऱ्या. एकोणीस वर्षांची घोडी झाली, कॉलेजात जाते, माझ्या भावाने मोठ्या विश्वासाने दोन वर्षं माझ्याकडे ठेवलीय, आणि ही उशीवर डोकं टेकून सोळा वर्षांच्या मुलींची दुःखं वाचते. सगळ्या गोष्टींचा साचा एकच. मुलीची आई लहानपणीच गेलेली असते, कारण आई जिवंत असली तर पहिल्याच पानावर ‘कुठे निघालीस?’ विचारून कादंबरी संपवून टाकेल. मुलीच्या अंगात काहीतरी अचाट शक्ती असते, ती तिची तिलाच माहीत नसते. मग एक मुलगा येतो. कपाळावर केस, तोंडातून शब्द नाही. न बोलणारा मुलगा यांना खोल वाटतो. मला तो गृहपाठ न केलेला वाटतो.

हे सगळं वाचून बोलतेय म्हणाले असते, पण खोटं कशाला बोलू? मी पुस्तकं वाचत नाही, मी पुस्तकं बांधते. याच वाचनालयाच्या तळघरात सव्वीस वर्षं माझं टेबल आहे. फाटकी, मोडकी, पाठ निखळलेली पुस्तकं वरून माझ्याकडे येतात आणि धडधाकट होऊन परत जातात. लोकांना वाटतं, पुस्तक म्हणजे एकावर एक ठेवलेली पानं. डोंबल! पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या. एका घडीला फर्मा म्हणतात. ते फर्मे ओळीने रचायचे, एकमेकांना दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची, वर पुठ्ठा चढवायचा. शेवटच्या कोऱ्या पानावर मी तारीख घालून सही करते. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक फर्मा इकडचा तिकडे झाला नाही, हे मी येताजाता सगळ्यांना सांगायची.

माझ्या कामात खोट काढणारा जन्माला यायचाय, असं मला वाटायचं. गेल्या वर्षी एकाने प्रयत्न केला. काउंटरवरचा कारकून, भर वाचकांसमोर म्हणतो, “बाई, या पुस्तकाच्या पाठीवरची नंबराची चिठ्ठी तिरकी लागलीय.” तिरकी! ज्याला स्वतःचा भांग सरळ पाडता येत नाही त्याने मला तिरकं-सरळ शिकवावं? मी त्याला असं झाडलं की पुस्तक बदलायला आलेली माणसं पुस्तक न बदलताच निघून गेली. पुढे दोन महिने मी त्याच्याशी बोलले नाही. चिठ्ठी तिरकी होती का? होती. पण सांगायची काही पद्धत असते की नाही?

असो. त्याच सुमारास तिच्या यादीत ती दीपगृहाची कादंबरी आली. दोन बहिणी दीपगृहात राहतात, थोरली नाहीशी होते, धाकटी तीनशे पानं तिची वाट बघते. पाच चांदण्या तर दिल्याच होत्या, वर कडेला सहावी काढली होती. खाली लिहिलं होतं, ‘लेखिकेने शेवट आपल्यावर सोपवलाय. शेवटचं वाक्यसुद्धा पूर्ण केलेलं नाही. धाकटी दार उघडते आणि... पुढचं आपण ठरवायचं.’

जेवताना मी तिची यथेच्छ टिंगल केली. म्हटलं, “वाक्य पुरं करता येत नाही म्हणून सहावी चांदणी का? मी उद्या अर्धाच पुठ्ठा चढवते आणि सांगते, उरलेला तुम्ही ठरवा!”

एरवी पुस्तकावरून माझ्याशी तासभर हुज्जत घालणारी पोरगी खाली ताटाकडे बघत म्हणाली, “तशी शैली आहे ती, आत्या.”

“शैली म्हणे! कामचुकारपणाला नवीन नाव.”

ती ताट उचलून उठली. मला वाटलं, चला, एकदाचं पटलं.

पण त्या कागदाने कहर केला. तिच्यासारख्याच पाच-सहा पोरी ते पुस्तक न्यायला रांग लावून उभ्या राहिल्या. वाचनकक्षात बसून वाद घालायच्या, की दाराबाहेर थोरली होती, वादळ होतं, का कोणीच नव्हतं. एकीने तर स्वतःच शेवट लिहून आणला, बावीस पानांचा. एकीचं ऐकून दुसरीने लिहिला. मी जिन्यावरून येताजाता ऐकायची आणि हसायची. शेंबूड पुसायची अक्कल नाही आणि निघाल्या शेवट ठरवायला! हातोहाती फिरून आठ महिन्यांत त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याचे कोपरे झिजले आणि ते पुन्हा माझ्याकडे दुरुस्तीला आलं. आलं तसं मी ते ढिगात ठेवून दिलं. घाई कसली होती?

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या किशोर विभागात सहायकाची जागा भरायची होती. भाचीने अर्ज केला. ती जागा तिला किती हवी होती ते मला घरात दिसत होतं. आठ दिवस तिने एक पुस्तक उघडलं नाही की धड जेवली नाही. समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, अजूनही समोरच्याकडे असं बघतात की आपली वही आणायची राहिलीय असं वाटावं. आणि त्याच बैठकीत दुसरा विषय माझा होता. बांधणीचं काम बाहेर द्यायचं आणि तळघर मोकळं करायचं, असं कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं होतं. मी त्यांना लेखी कळवलं होतं, ‘सव्वीस वर्षांत माझ्या कामातली एक चूक दाखवा आणि मग खुशाल बाहेर द्या.’ दाखवणार कोण? कारकुनाच्या तिरक्या चिठ्ठीने काय होणार होतं!

सकाळी निघताना मी भाचीला बजावलं, “तिथे चांदण्याबिंदण्यांचं नाव काढू नकोस. मोठ्या माणसांसमोर मोठ्या माणसांची पुस्तकं सांगावीत.”

“मला जी आवडली तीच सांगणार मी,” ती म्हणाली.

“सांग बाई. मग घरीच बस चांदण्या मोजत.”

अकराच्या सुमाराला तळघरातला फोन वाजला. वरून ग्रंथपालबाई बोलत होत्या, “ती दीपगृहाची कादंबरी तुमच्याकडे दुरुस्तीला आलीय ना? जरा घेऊन या. अध्यक्षांना बघायचीय.”

मी ढिगातून पुस्तक काढलं आणि जिना चढायला लागले. अर्ध्या जिन्यात सहज शेवटचं पान उघडलं. म्हटलं, बघू तरी या पोरींना वेड लावणारं वाक्य. पान तीनशे चार. ‘धाकटीने कडी काढली, दार उघडलं आणि’. पुढे माझं कोरं पान, माझी सही, माझी तारीख.

वाचणाऱ्याला त्यात शैली दिसेल. बांधणाऱ्याला नाही दिसत. सोळा एके सोळा करत तीनशे चार म्हणजे बरोब्बर एकोणीस फर्मे. मी अनुक्रमणिका उघडली. शेवटचं प्रकरण, पान तीनशे नऊ. म्हणजे फर्मे वीस होते. विसावा मी शिवलाच नव्हता.

तारीख पुन्हा बघितली आणि मला तो दिवस लख्ख आठवला. त्या दिवशी त्या कारकुनाला झाडून मी खाली आले होते आणि रागाच्या भरात, तोंडाने त्याचा उद्धार करत, हे पुस्तक शिवलं होतं. शिवून झालं की फर्मे मोजायचे असतात. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते. मी पुस्तक मिटलं आणि उरलेला जिना चढले.

वर समितीच्या खोलीचं दार उघडंच होतं. भाची खुर्चीत ताठ बसली होती. अध्यक्षांपुढे तिच्या महिन्या-महिन्याच्या याद्या पसरलेल्या होत्या.

“माझ्या नातीकडे हेच पुस्तक आहे,” ते म्हणत होते. “ते मी स्वतः वाचलंय. त्यात शेवट आहे, चांगला सोळा पानांचा. दारात थोरली बहीण उभी असते. आणि तुम्ही आठ महिने सगळ्या वाचकांना सांगताय की लेखिकेने शेवट लिहिलाच नाही. तुम्ही हे पुस्तक पुरं वाचलं होतं का?”

तिने मान वर केली आणि तिला मी दारात दिसले, हातात पुस्तक घेऊन. एक क्षणभर आम्ही एकमेकींकडे बघितलं. तेवढ्यात मला कळलं की हिला माहीत आहे. आज नाही, आधीपासून माहीत आहे. अनुक्रमणिका तिनेही बघितलीच असणार.

“नाही सर,” ती म्हणाली. “कंटाळा आला म्हणून मध्येच सोडलं होतं. उगाच लिहिलं काहीतरी.”

कंटाळा! जी पोरगी कव्हरवरची किंमतसुद्धा वाचून काढते, तिला कंटाळा!

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. “न वाचलेल्या पुस्तकाला सहा चांदण्या देणाऱ्या मुलीकडे आम्ही मुलांचा विभाग कसा सोपवायचा?” मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. “बाई, राहू द्या आता. प्रत बघायची गरज नाही. घेऊन जा तुम्ही.”

खोटं सांगणार नाही, मी वळले. दोन पावलं टाकलीसुद्धा. जिना समोर होता. खाली जाऊन कोणालाही न सांगता ते पुस्तक रद्दीत टाकलं असतं तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. माझं टेबल राहिलं असतं, माझी सव्वीस वर्षं राहिली असती. पोरीला काय, दुसरी जागा मिळाली असती. हे सगळं त्या दोन पावलांत माझ्या मनात येऊन गेलं, आणि मला माझीच इतकी किळस आली की मी तशीच मागे फिरले.

“खोटं बोलतेय ती,” मी म्हटलं. नेहमीसारखाच माझा आवाज चढलेला होता. पुस्तक टेबलावर आपटलं आणि शेवटचं पान उघडलं. “हे बघा. वीस फर्म्यांचं पुस्तक, शिवलेत एकोणीस. शेवटची सोळा पानं मी खालीच ठेवली. ही तारीख, ही सही. माझीच आहे, हवं तर जुळवून बघा. लेखिकेने नाही, मी अर्धं सोडलंय वाक्य.”

अध्यक्षांनी चष्मा सारखा करून अनुक्रमणिका बघितली, मग शेवटचं पान, मग माझी सही.

“म्हणजे हिने पुस्तक वाचलं होतं,” ते म्हणाले.

“मी जेवढं बांधलं तेवढं सगळं.”

पुढचं पाच मिनिटांत उरकलं. भाचीला पहिल्या तारखेपासून कामावर यायला सांगितलं. माझ्या विषयावर चर्चा करायचं कारणच उरलं नव्हतं. मी लेखी दिलेला कागद ग्रंथपालबाईंनी फाइलमधून काढून अध्यक्षांच्या पुढे ठेवला, त्यांनी तो वाचला आणि नुसती मान हलवली. चूक दाखवा म्हटलं होतं, ती मीच उचलून त्यांच्या टेबलावर आणून दिली होती.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी भाचीचा दंड धरला. तिचे डोळे वाहत होते आणि माझं डोकं भणभणत होतं.

“आठ महिने, भवाने! आठ महिने तोंडात गुळणी धरून बसलीस! पुस्तक हातात आलं त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर तो फर्मा तिथेच माझ्या टेबलावर पडलेला असणार. अर्ध्या तासाचं काम होतं ते! कोणाला कळलंही नसतं. ना तुझ्यावर खोटं लिहायची पाळी आली असती, ना माझं टेबल गेलं असतं. तुला झालं काय होतं सांगायला?”

“आले होते गं सांगायला,” ती म्हणाली. “पुस्तक घेऊन दोनदा आले होते खाली. दारातूनच परत गेले.”

“का? मी काय खाणार होते तुला?”

ती ओढणीने नाक पुसत होती. “तुला सांगण्यापेक्षा सगळ्या वाचनालयाला खोटं सांगणं सोपं वाटलं मला, आत्या.”

रागाने म्हणाली असती तर मी तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण ती हे माझ्या हातातून दंड सोडवून, एक पाऊल मागे सरकून, घाबरत घाबरत म्हणाली.