पहिली तार

गुरुजी मंत्र म्हणत होते आणि संभाजी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा होता. उजवा हात सकाळपासून थरथरत होता. आज शेडमधले सगळेजण एकाच जागी जमले होते, त्यामुळे लपायला आडोसाही नव्हता.

नवा फीडर आला होता. पिंपातली जाड तार ओढून घ्यायची आणि वेल्डिंगच्या यंत्राला न थांबता पुरवत राहायची, एवढंच त्या धुडाचं काम. आता माणसं कमी होणार म्हणून जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या त्या लोखंडी टाक्यांच्या कारखान्यात महिनाभर कुजबुज चालली होती. संभाजी मात्र तो यावा म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. जुना फीडर सारखा अडकायचा, आणि दर वेळी तारेचं टोक नळीच्या बारीक तोंडात हाताने घालावं लागायचं. हात कापायला लागल्यापासून तो ते काम सगळ्यांकडे पाठ करून, मनगट यंत्राला टेकवून उरकायचा. नवा फीडर अडकणार नाही, मग आपलं बिंगही फुटणार नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं.

हे फक्त रत्नमालाला ठाऊक होतं. बशीतला चहा सांडायला लागला तेव्हाच तिने नवऱ्याचं दुखणं ओळखलं. सकाळी प्रताप नगरच्या घरात डबा भरताना तिने पुन्हा विषय काढला.

“सायबांना सांगून टाका की एकदा. चोरी केलीय व्हय तुम्ही?”

“सांगितलं की घरी बसवतील. मिल्ट्रीतनं सुटलो तवा बसलो होतो की घरी. काय झालं होतं माझं, इसरलीस?”

ती विसरली नव्हती; हाताला काम नाही म्हणून तो दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. तिने डब्याचं झाकण लावलं.

पण पहिली तार घालावी लागणारच, आणि कारखान्याच्या रीतीप्रमाणे ती सगळ्यात जुन्या माणसाने घालायची, हे बिचाऱ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. नारळ फुटला आणि मॅनेजर कौशिक साहेबांनी त्यालाच पुढे बोलावलं. जयपुरातच वाढलेला हा मराठी मुलगा त्याला कधी नावाने हाक मारत नसे.

“या काकाजी. पहिली तार तुमच्याच हाताने.”

कंबर दुखते म्हणावं की चक्कर येते म्हणावं, हे ठरवता ठरवता संभाजी यंत्रापाशी पोचला. त्याने तार उचलली. टोक नळीच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं. नव्या यंत्राला मनगट टेकवायला जागाच नव्हती. यंत्रं बंद असल्यामुळे ती टकटक मागच्या माणसापर्यंत ऐकू जात होती. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. संभाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“साहेब, हात कापतो माझा,” तो म्हणाला. “लई दिस झालं.”

कौशिकने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. टोक आत गेलं, रोलरांनी तार पकडली आणि सरसर ओढून घेतली. टाळ्या वाजल्या.

“मतलब, आधी सांगायचं ना काका,” कौशिक हळूच म्हणाला. “आता काही करू नका तुम्ही. फक्त बघा.”

त्याने ऑफिसातून खुर्ची मागवली. त्या शेडमध्ये सगळे उभ्यानेच काम करत. खुर्ची कधी आत आलीच नव्हती. कुणीतरी ती फडक्याने पुसलीसुद्धा. नको म्हणावं असं संभाजीला फार वाटलं, पण सगळे आदराने थांबले होते.

तो बसला. यंत्र सुरू झालं, आणि संध्याकाळपर्यंत तार एकदाही अडकली नाही.